टँकर उलटा फिरवा

"निवारणासाठी. पुन्हा म्हण."

"निवारनासाठी."

"ण गं, ण. जीभ वर वळव. बाणातला ण."

"बानातला न."

काचेच्या पलीकडं बसलेली माणसं हसली. खरं तर ते हसणं मला ऐकू यायला नको होतं. मधली काच जाड होती. पण माझ्याशी बोलायचं बटन स्टुडिओच्या मालकांनी, सरांनी, दाबून ठेवलं होतं अन् बोट काढायला ते विसरले. त्यामुळं सगळं हसणं स्पीकरमधून थेट माझ्या खोलीत आलं. एक बाई म्हणाली, "बानातला न! अगं आई गं, पोट दुखलं माझं." मग सरांचा आवाज आला. "निवेदिका म्हणून शून्य. पण हा आवाज सोडायचा नाही. आपली सगुणा सापडली."

मी एकोणीस वर्षांची होते. हातात कागद होता. त्यावर 'जिल्ह्यातील पाणीटंचाई निवारणासाठी' असं टाइप केलेलं. दोन ण, अन् दोन्ही ठिकाणी मी तोंडावर आपटले. कागद घामानं ओला झाला होता. पंखा बंद ठेवला होता, कारण पंख्याचा आवाज टेपवर येतो.

खरं सांगते, तेव्हा मला राग आला नाही. काम मिळालं म्हणून आनंद झाला. आज ती गोष्ट सांगताना त्या हसण्यापेक्षा या आनंदाचीच जास्त लाज वाटते.

लातूर नुकतं जिल्हा झालं होतं. गावोगावच्या पाट्यांवर 'जिल्हा उस्मानाबाद' पुसून 'जिल्हा लातूर' रंगवलं जात होतं. आमच्या चाकूरकडच्या गावात रंगाऱ्यानं आधीची अक्षरं नीट खरवडली नाहीत, त्यामुळं वर्षभर आमचा जिल्हा कोणता ते पाटीवरून कळत नव्हतं. लातुरात मात्र नवी हापिसं, नवे साहेब, नवी दुकानं. अशातच सरांनी एका गाळ्यात ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ टाकला. भिंतींना पोती अन् काथ्या ठोकलेला, वर हिरवं कापड. त्या खोलीत लग्नाची गाणी व्हायची, भजनाच्या कॅसेटी व्हायच्या, निवडणुकीची गाणी व्हायची. अन् आठवड्यातून एकदा रेडिओसाठी प्रायोजित कार्यक्रम व्हायचा. म्हणजे कार्यक्रम इथं बनवायचा, खर्च एका व्यापाऱ्यानं करायचा, अन् टेपचं चाक एसटीनं रेडिओ केंद्रावर पाठवायचं. सर म्हणायचे, "नव्या जिल्ह्याला नवा आवाज." मी ती जाहिरात वाचूनच गेले होते. मला वाटलं, नवा आवाज म्हणजे माझाही असू शकतो.

आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. कोणती, ते सांगायची गरज नाही. मराठवाड्यात खालचं अंग म्हटलं की कळतं. बाप मी लहान असतानाच गेला. मायनं मला खडी फोडून शिकवलं. पहिल्या मोठ्या दुष्काळात ती खडी फोडत होती तेव्हा मी तिच्या शेजारी दगडाच्या ढिगावर बसून असायचे. मुकादमाच्या झाडाला रेडिओ टांगलेला असायचा. त्यातली बाई इतकं गोड बोलायची की मी भूक विसरायचे. ती बाई दिसते कशी, खाते काय, तिला माय आहे का, असलं काहीबाही मी विचारायचे. माय हातोडी न थांबवता म्हणायची, "व्हशील की तूबी." तिला रेडिओतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ती म्हणाली, अन् मी ते मनात धरून बसले.

तर मी सगुणा झाले.

कार्यक्रमाची रीत ठरलेली. एक ताई असायची. शहाणी, शुद्ध बोलणारी. ती शेतीची, पाण्याची, आरोग्याची माहिती सांगायची. ताईचं काम सरांच्या वहिनी करायच्या. पोट दुखेपर्यंत हसलेल्या त्या ह्याच. दुसरी सगुणा. खेडवळ, अडाणी, काही तरी भलतंच विचारणारी. ताई म्हणायची, पाणी उकळून प्या. सगुणा म्हणायची, "आन् मंग त्येच्यात च्या पत्ती टाकायची का न्हाई?" की हशा. ताई म्हणायची, ठिबक सिंचन करा. सगुणा म्हणायची, "आमचं छप्पर सोताच ठिबकतंय की वं!" की हशा.

हशा डब्यात असायचा. सलीमभाईंनी एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तो टेपवर भरून आणला होता. सलीमभाई आमचे रेकॉर्डिस्ट. जुन्या लातूरचे, वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, त्यामुळं हात फार नाजूक. डब्यांवर त्यांनी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. 'हशा लहान', 'हशा मध्यम', 'हशा मोठा'. मोठ्या हशात एक माणूस सगळ्यांचं थांबल्यावरही हसत राहायचा अन् शेवटी खोकायचा. मी माझं वाक्य टाकलं की सलीमभाई दुसऱ्या मशीनवरून हशा सोडायचे. समोर कुणी नसायचं. रिकाम्या खोलीत मी बोलायचे अन् दोनशे माणसं मला हसायची.

श्रेयनामावलीत वहिनींचं पूर्ण नाव यायचं. लेखक-निर्माते म्हणून सरांचं यायचं. माझ्या वेळी 'आणि आपली लाडकी सगुणा' एवढंच. मी एकदा विचारलं. सर हसून म्हणाले, "बेटा, तुझं नाव घेतलं तर सगुणा मरेल." हे त्यांनी इतक्या मायेनं सांगितलं की मीच ओशाळले.

सर वाईट माणूस नव्हते. हे मी त्यांची बाजू घ्यायला सांगत नाही. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं म्हणून सांगते. त्यांनी मला पुस्तकं दिली. टेप कशी कापायची, कशी जोडायची, ते सलीमभाईंना मला शिकवू दिलं. मी खोलीत आले की "ये सगुणे" म्हणून जागा करून द्यायचे. दोन वर्षांत त्यांनी एकदाही मला माझ्या नावानं हाक मारली नाही.

शनिवारी मी गावी गेले की माय विचारायची, "तिथं लई मान्सं असत्यात का गं? सारखी हसत असत्यात."

"हाव माय, लई असत्यात."

"बरं हाय. हसऱ्या मान्सात हायेस."

मी तिला डब्याचं सांगितलं नाही.

तिसऱ्या वर्षी पाऊस रुसला. विहिरी जूनआधीच तळाला गेल्या अन् जून नुसताच आला. गावागावात टँकर सुरू झाले. रस्त्याच्या कामावर पुन्हा खडी सुरू झाली. माय पुन्हा हातोडी घेऊन बसली. केस पांढरे झाले होते, एवढाच फरक.

आमच्या कार्यक्रमाचे प्रायोजक म्हणजे उदगीरकडचे मोटारपंपाचे व्यापारी. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, बोलणं मोकळं. मोठा माणूस. ते स्टुडिओत आले की सर उभे राहायचे. अप्पा म्हणाले, "सर, दुष्काळावर कायतरी करा. पान्याबिगर मान्सं तडफडून राहिलीत. माझा पंप घ्या म्हनलं तर हिरीत पानी पायजे ना!" अन् स्वतःच हसले. सर म्हणाले, "वा अप्पा, काय मार्मिक बोललात." मी कोपऱ्यात चहाचा कप घेऊन उभी होते. 'पानी' मी ऐकलं. 'मान्सं' ऐकलं. त्या दिवशी ते कानात शिरलं अन् तसंच पडून राहिलं.

सरांना कल्पना सुचली की कामावरच्या बायांचे खरे आवाज घ्यायचे. कुठल्या गावी जायचं, असं त्यांनी विचारलं. मीच म्हणाले, "आमच्या गावी चला. माझी माय हाय खडीवर."

हे मी केलं. दुसऱ्या कुणी नाही.

जीपमधून आम्ही गेलो. सर, सलीमभाई, मी. सलीमभाईंच्या गळ्यात लहान रेकॉर्डर. उन्हात रस्त्याच्या कडेला सत्तर-ऐंशी बाया बसलेल्या. माय मला बघून उठली, लुगडं झटकलं, डोक्यावर पदर घेतला. तिच्या भुवयांवर दगडाची पूड होती. सरांनी माईक पुढं धरला तशी ती मागं सरकली. मला म्हणाली, "म्या काय बोलू?"

"जे हाय ते बोल माय."

ती बोलली. सुरुवातीला माईककडं बघून, मग माझ्याकडं बघून. ती जे बोलली ते मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे.

"गावात पानी न्हाई. टँकर येतोय, न्हाई म्हन्त न्हाई मी. पर त्यो वरून येतोय. आधी पाटलाच्या गल्लीत. मंग देवळापशी. मंग शाळंपशी. आमच्याकडं येईस्तोर नुसता गाळ. लेकरं गाळ पिऊन हागून राहिलीत. म्हनून म्हन्ते, टँकर उलटा फिरवा. आधी खाली, मंग वर. एक रोज तरी."

बाकीच्या बायांच्या हातोड्या थांबल्या होत्या. मुकादम लांब उभा होता, त्यानं मान खाली घातली. गावात असं कुणी कधी बोललं नव्हतं. माझी माय तर कधीच नाही. ती पदरानं तोंड पुसत हळूच म्हणाली, "बरं बोलले का गं?" सलीमभाई म्हणाले, "एकदम बढिया अम्मा." मला वाटलं, झालं. रेडिओतली बाई झाली माझी माय. मी नाही झाले, ती झाली.

परतताना जीपमध्ये सर एकटेच हसत होते. मध्येच मांडीवर थाप मारून म्हणाले, "टँकर उलटा फिरवा! काय वाक्य आहे!" मला वाटलं, त्यांनाही ते भिडलं.

दोन दिवसांनी रेकॉर्डिंग होतं. मी स्टुडिओत पोचले तेव्हा अप्पा खुर्चीवर बसलेले, वहिनी कागद चाळत होत्या, सलीमभाई मशीनवर वाकलेले. त्यांच्या हातात ब्लेड होतं. टेपचा एक तुकडा त्यांनी कापला अन् टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवला. दीड वीत असेल. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. रोज बघायचे.

"ऐक सगुणे," सर म्हणाले, "आजचा भाग काय रंगलाय ते."

टेप सुरू झाली. मायचा आवाज आला. "गावात पानी न्हाई. म्हनून म्हन्ते, टँकर उलटा फिरवा."

अन् हशा मोठा. तो सगळा. शेवटी खोकणाऱ्या माणसासकट.

मग वहिनींचा आवाज, आधीच भरून ठेवलेला. "अहो मावशी, टँकर उलटा केला तर आहे ते पाणीही सांडेल ना!"

पुन्हा हशा मोठा.

मला आधी कळलंच नाही. मी वाट बघत होते, पुढचं वाक्य येईल म्हणून. पुढचं वाक्य टेबलाच्या कडेला चिकटलेलं होतं. पाटलाची गल्ली, देऊळ, शाळा, गाळ पिणारी लेकरं हे आधीच काढून टाकलेलं. शेवटी राहिलेलं 'आधी खाली, मंग वर, एक रोज तरी' तेवढं सलीमभाईंच्या हातानं आत्ता निघालं होतं. माझी माय वाटणीचा न्याय सांगत होती. ह्यांनी दोन जागी कापून तिला वेडी केली.

अप्पा खो खो हसत होते. "पानीच सांडंल की वं! खरं हाय, पानीच सांडंल!"

सरांनी मला कागद दिला. "आता तुझं वाक्य. ह्याच्यावर शेवट होतो."

कागदावर लिहिलं होतं, 'सगुणा : आवं ताई, या मावशीचं डोस्कंच उलटं हाय!'

मी म्हणाले, "ती माझी माय हाय सर."

"माहीत आहे गं. पण आता ती तुझी आई नाही, कार्यक्रमातली मावशी आहे. लेक म्हणून नको म्हणूस, पात्र म्हणून म्हण."

"ती असं म्हनली नव्हती. मधलं अन् शेवटचं कापलंय."

"वेळ बसवावी लागते बेटा. अन् वरची गल्ली, खालची गल्ली हे रेडिओवर चालत नाही. वाद होतात. उलट तिचं वाक्य आपण गाजवतोय. जिल्ह्याच्या तोंडी होईल बघ."

वहिनी म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस. ती बोललीच गोड."

मी सलीमभाईंकडं बघितलं. म्हणाले, "भाई, तो तुकडा परत जोडा."

त्यांनी सरांकडं बघितलं. मग मशीनकडं. "अपने हात में क्या है बेटी," ते पुटपुटले. त्यांना चार लेकरं होती. मी त्यांना दोष देत नाही. पण मी ते विसरलेही नाही.

"चल, वेळ जातोय," सर म्हणाले. "अप्पांना परत जायचंय."

मी आत गेले. माईकसमोर उभी राहिले. तांबडा दिवा लागला. दोन वर्षं त्या दिव्यासमोर मी सगुणा झाले होते, एका क्षणात, वाकडं तोंड करून. त्या दिवशी तोंड वाकडं होईना. काचेपलीकडं अप्पा अजून हसत होते अन् त्यांचे ओठ तोच शब्द म्हणत होते. पानी. पानी. तेव्हा कुठं मला कळलं. कानात पडून राहिलेलं सगळं एकदम उठून बसलं.

मी माईकमध्ये म्हणाले, "अप्पाबी पानी म्हनले. त्येंच्यावर हशा लावा."

अप्पांचं हसू तोंडावरच राहिलं. तांबडा दिवा चालूच होता.

"काय बोलतेस?" सरांचा आवाज आला. आज त्यांचं बोट बटनावर मुद्दाम होतं.

"अप्पा पानी म्हन्त्यात, मान्सं म्हन्त्यात. तुमी उभं ऱ्हाऊन ऐकता. माझी माय पानी म्हनली तर दोनशे मान्सं हसवता. न अन् ण चं काय बी न्हाई सर. बोलनारं कोन हाय, त्येच्यावर हाय सगळं."

"बाहेर ये."

"हे वाक्य मी म्हननार न्हाई. अन् ते कापलेलं जोडल्याबिगर माझ्या मायचा आवाज रेडूवर जाऊ देनार न्हाई."

"तुझ्या जाऊ न देण्याला विचारतंय कोण?" ते म्हणाले. ओरडले नाहीत. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

मी बाहेर आले. चपला घातल्या. टेबलाच्या कडेला तो तुकडा होता, हाताच्या अंतरावर. तो उचलावा, हे मला सुचलं नाही. भांडायचं सुचलं, तेवढं सुचलं नाही. नंतर कुणी तरी झाडून काढला असेल. त्याचं दुःख मला नोकरी गेल्याच्या दुःखाहून कितीतरी मोठं आहे.

टेपचं चाक एसटीनं गेलं. पलीकडं केंद्रावर कुणाला काय माहीत, त्यांना तयार कार्यक्रम मिळाला, त्यांनी लावला. शेवटचं वाक्य सरांनी दुसऱ्या एका मुलीकडून म्हणवून घेतलं होतं. तिनं माझ्यासारखंच म्हटलं. लोकांना फरक कळला नाही.

तेव्हा मी गावातच होते. मायला मी काही सांगितलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करत चार दिवस काढले. कामावर बायांनी मुकादमाला गळ घालून रेडिओ मोठा करायला लावला. सगळ्या गोल करून बसल्या. माय मधोमध. मी तिच्या मागं उभी. तिचं तोंड मला दिसत नव्हतं, पाठ दिसत होती. पहिल्या शब्दाला तिची पाठ ताठ झाली. हशा आल्यावर तशीच राहिली. दुसरा हशा आला. मग 'डोस्कंच उलटं हाय' आलं. एक-दोन बाया नकळत हसल्या अन् लगेच गप्प झाल्या. मायनं हातोडी उचलली अन् खडी फोडायला लागली. जेवणाची सुट्टी संपायला अजून वेळ होता.

दुसऱ्या दिवसापासून गावातली पोरं तिला 'उलटा टँकर' म्हणायला लागली. पाटलाच्या गल्लीतनं ती गेली की ओसरीवरनं हाक यायची, "मावशी, टँकर सुलटा केला का?" लोक हसायचे. आता तो हशा डब्यातला नव्हता.

आठवड्यानं माय भाकरी थापताना म्हणाली, "एक इचारू का गं? मी 'आधी खाली, मंग वर' म्हनले व्हते न्हाई का?"

मी चुलीत काटकी सरकवली.

"मला वाटून राहिलं, म्हनायचं इसरले. घाबरले व्हते ना. म्हनून त्येंना उलटं वाटलं आसंल. माझीच चूक झाली."

सात दिवस ती स्वतःला दोष देत होती. आयुष्यात एकदा खरं बोलली, अन् ते आपण बोललोच नाही असं तिला वाटायला लागलं होतं. कुणी मारलं, कुणी पाणी नाकारलं, ते सगळं तिनं सोसलं होतं. तिला ते कळायचं तरी. इथं तिच्या तोंडातलं वाक्य नेलं अन् तिच्या आठवणीवरच शंका ठेवून दिली.

मी म्हणाले, "म्हनली व्हतीस माय. समदं म्हनली व्हतीस. त्येंनी कापलं."

"बोललेलं कापता येतंय व्हय?"

"येतंय. मीबी शिकले ते."

ती तव्याकडं बघत राहिली. भाकरी करपली. मग म्हणाली, "अन् ती हसनारी मान्सं? तुज्यासंगं असत्यात ती?"

"तिथं कुनीच नसतं माय. हसू डब्यात भरून ठिवलंय."

एवढं एक खरं मी दोन वर्षं तिच्यापासून लपवलं होतं. तिनं करपलेली भाकरी तव्यावरून उतरवली. रागावली असती तर बरं झालं असतं.

नंतर मी नांदेडला गेले. बसस्थानकावर गाड्या पुकारायचं काम मिळालं. पुढची पंचवीस वर्षं मी तेच केलं. "भोकरमार्गे इस्लापूर, किनवटला जानारी गाडी फलाट क्रमांक सहावर लागलेली आहे." दिवसातून शंभर वेळा जानारी, जानारी. मी ण शिकले नाही असं नाही. मला येतो. एकटी असताना म्हणून बघितलाय, स्वच्छ येतो. पण पुकारताना मी न-च म्हटला. पोरं काखेला मारून, बोचकी सावरत माणसं माझ्या न वर धावली अन् त्यांची गाडी त्यांना मिळाली. घाईतल्या माणसाला कुणाचं हसू येत नाही.

मधे कॅसेटचं पीक आलं तेव्हा सरांचा निरोप आला होता. सगुणाची विनोदी कॅसेट काढू म्हणून. मी निरोप्याला चहा पाजला अन् परत पाठवला.

मी पहिल्या पगारातून टेपरेकॉर्डर घेतला होता. मायला म्हणाले, आता बोल. जे हाय ते सगळं. एक अक्षर कापणार नाही. तिनं यंत्राकडं बघितलं अन् पदर तोंडाला लावला. "न्हाई गं. आता न्हाई." वीस वर्षं मी वेगवेगळ्या परीनं विचारलं. लाडानं, रागानं, रडून. यंत्र चोरून चालू करून ठेवावं असंही मनात आलं. केलं नाही. ती गेली तेव्हा तिच्या आवाजाची एक चिठोरीही माझ्याकडं नव्हती. आता तर तो आवाज आठवत नाही. शब्द आठवतात, आवाज नाही. तो जाड होता की पातळ, हे मी सांगू शकत नाही. ज्या बाईनं मला बोलायला शिकवलं, तिचा आवाज माझ्यातून गेला.

मागच्या उन्हाळ्यात फोन आला. सरांचा मुलगा. सर आता नाहीत. तो जुन्या टेपा संगणकावर घेतोय, लोकांसाठी खुल्या करायच्यात म्हणाला. चांगला बोलत होता. मला माझ्या नावानं हाक मारली, पुढं ताई लावून.

"ताई, तुमच्या आईंची एक क्लिप सापडलीय. टँकरवाली. काय धमाल आहे! लोक वेडे होतील. या वेळी आपण आईंचं पूर्ण नाव देऊ. तुमचंही देऊ. फक्त तुमची परवानगी हवी होती."

मी विचारलं, "आवाज नीट हाय का?"

"एकदम स्वच्छ. काल भरल्यासारखा. ऐकवू का? फोनवरच लावतो."

मी मोठी बाई आहे. साठी ओलांडलेली. त्या क्षणी मी लहान पोरीसारखा फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. एका बटनाच्या अंतरावर माझी माय होती. 'गावात पानी न्हाई' म्हणणार होती. फक्त एवढं ऐकून मी फोन बंद करू शकले असते. तेवढंही मनात येऊन गेलं.

"पुढचं वाक्य हाय का? आधी खाली, मंग वर?"

कागद चाळल्यासारखा आवाज आला. "नाही ताई. मूळ रेकॉर्डिंग नाहीये. ही एडिट केलेलीच आहे. हशासकट. लावू?"

"न्हाई."

"ऐकून तरी बघा. तुमच्या आई आहेत त्या."

"ती माझी माय न्हाई. माझी माय पुढचं बी बोलली व्हती. ते जवर सापडत न्हाई, तवर हे कुठं लावायचं न्हाई. माझं नाव देऊ नका, तिचं देऊ नका, अन् तिचा आवाज बी देऊ नका. लावलंत तर मी लातूरला येऊन तुमच्या दारात बसंन, अन् येनाऱ्या-जानाऱ्याला तिचं सगळं वाक्य म्हनून दाखवीन. मला पुकारायची सवय हाय."

तो म्हणाला, "ताई, शांतपणे विचार करा. मी पुढच्या आठवड्यात परत फोन करतो."

करू दे. मला मायचा आवाज मरायच्या आधी एकदा ऐकायचा आहे, याहून मोठी इच्छा माझ्यात उरलेली नाही. तरीही मी तो ऐकणार नाही. सगळं वाक्य लावा, नाहीतर एक शब्दही लावू नका.